घरचं सोयाबीन पेरायच्या आधी गोणपाटावर उगवण तपासा

आपल्या कोल्हापूर भागात पूर्वी खरीप म्हटलं की भुईमूग, आता गडहिंग्लज, कागलकडं पण बरंच रान सोयाबीननं धरलंय, आणि बियाणं महाग म्हणून बरेचजण घरचंच पेरतात, ते चांगलंच आहे पण तपासून पेरा. मी एका साली न बघताच पेरलं आणि ओळीत हातहातभर तुटाळ पडली, दुबार पेरणीचा खर्च अंगावर आला.

पोत्यात वर-मध्ये-तळात हात घालून मूठमूठ दाणे काढा, न निवडता सरसकट 100 मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून हलक्या हातानं गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा, पण निथळेल एवढं नको, दाणे कुजतात. सहाव्या-सातव्या दिवशी उघडा. लांब, पांढरंशुभ्र मूळ आलेलेच मोजायचे, वाकडे, बुरशी आलेले सोडून द्या.

70 आले तर एकरी 30 किलो बास. त्याच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे 66 आले तर 32 किलो. 60 च्या खाली असेल तर ते पेरूच नका, खरंच सांगतोय.

सोयाबीनचं साल लई पातळ असतं, म्हणून पोती आपटू नका. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कुरी (पेरणीचं अवजार) धरू नका, बी 3-4 सेंटीमीटरच्या खाली जाऊ देऊ नका.