पी पफर पाळताना या चुका टाळा

गोड्या पाण्यातला पफर म्हणून दोन निरनिराळे मासे एकाच काचेमागे विकायला ठेवलेले मी पाहिले आहेत. पिल्लं असताना दोन्ही दोन-अडीच सेंटिमीटरची, दोन्ही गोलमटोल, दोन्हींच्या अंगावर ठिपके. पण एक जन्मभर एवढाच, वाटाण्यासारखा चिमुकला राहतो आणि गोड्या पाण्यात सुखाने जगतो. दुसरा पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला वाढत्या वयात खाडीसारखं निमखारं पाणी लागतं. पहिला म्हणजे पी पफर, दुसरा ग्रीन स्पॉटेड पफर.

माझ्याकडे पहिल्यांदा आलेला पफर हा दुसरा होता. ‘साध्या पाण्यात राहतो’ असं सांगून तो मला विकला गेला. सुरुवातीचे महिने तो भरपूर खायचा, त्यामुळे मला शंकाही आली नाही. पुढे त्याचा रंग काळवंडला, खाणं सुटलं. मी पाणी बदलत राहिलो, औषधं शोधत राहिलो. त्याला मीठ हवं होतं, तेही मरीन सॉल्ट, म्हणजे समुद्री माशांच्या टँकसाठीचं मीठ, हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणून मासा घेताना नीट पाहा. पाठ चमकदार हिरवी, त्यावर ठळक गोल काळे ठिपके आणि पोट पांढरंशुभ्र असेल तर तो ग्रीन स्पॉटेड. पी पफर पिवळसर-हिरवट असतो आणि त्याचे काळसर डाग वेडेवाकडे, मोठे असतात. फहाका आणि एमबू हे आफ्रिकेतले पफर मात्र खरोखर गोड्या पाण्यातले आहेत, पण फहाका चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि एमबू त्याहूनही मोठा होतो. दिवाणखान्यातल्या टँकसाठी त्यांचा विचारच करू नका.

पी पफर आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा मासा. होरा आणि नायर या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये पंबा नदीतल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं आणि त्रावणकोरच्या नावावरून त्याला ‘त्रावणकोरिकस’ म्हटलं. जगात तो दुसरीकडे कुठेच निसर्गतः सापडत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे आणि बाजारात येणारे बरेच पफर अजूनही नदीतून पकडलेले असतात. आपल्या टँकमध्ये एक मेला की माणूस दुकानातून दुसरा आणतो, आणि नदीतला आणखी एक कमी होतो. मला या माशाबद्दल पोटतिडकीने लिहावंसं वाटतं ते यामुळेच.

शनिवारी टँक, रविवारी मासा

सगळ्यात जास्त पफर या घाईमुळे जातात. नव्या टँकचं पाणी काचेसारखं नितळ दिसतं, पण त्यात माशाच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू अजून वाढलेले नसतात. हे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. त्यांना फिल्टरच्या स्पंजमध्ये स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पफरला खवले नसतात आणि खराब पाणी त्याला इतर माशांपेक्षा लवकर बाधतं. द्रव रसायनांचं टेस्ट किट घ्या आणि अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य दिसेपर्यंत मासा आणू नका. ओळखीच्या कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. वाट पाहण्याचे दिवस बरेच कमी होतात.

यातलीच दुसरी चूक म्हणजे फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या जिवाणूंना मारतं आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. टँकमधून काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळून घ्या. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला आणि नवं पाणी घालताना अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, विसरू नका.

एका पफरला किमान वीस लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला दहा-पंधरा लिटर जादा हवं. गोल बाऊल नको. तापमान २४ ते २८ अंश ठेवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात टँकचं पाणी ३० अंशांच्या वर सहज जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा झाकण उघडून वर जाळी टाका, पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा, एअर पंप चालू ठेवा. बर्फाची बाटली टाकून पाणी झटक्यात थंड करणं मात्र माशाला सोसत नाही. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

सोबत गप्पी सोडणं

कोकणातले मच्छीमार समुद्रातल्या पफरला केंड म्हणतात आणि तो जाळी कुरतडतो म्हणून वैतागलेले असतात. दात जुळून झालेली तशीच चोच या वाटाण्याएवढ्या माशालाही आहे. गप्पीची झुलती शेपटी, फायटर माशाचे लांब पर तो तुकड्या-तुकड्यांनी तोडतो. छोटी कोळंबी तर त्याचं अन्नच. ‘माझ्याकडे एकत्र राहतात’ असं सांगणारे भेटतील, पण माझं मत पक्कं आहे: पी पफरचा टँक फक्त पी पफरचा असावा.

आपसातही ते भांडतात. नराच्या पोटावरून मधोमध गडद रेघ जाते आणि डोळ्यामागे बारीक सुरकुत्यांसारख्या रेषा दिसतात. मादी जास्त गोल असते. एका नराबरोबर दोन-तीन माद्या हे प्रमाण बरं. दुकानातली पिल्लं ओळखणं कठीण जातं, त्यामुळे दोन नर आले तर एकाला वेगळं करायची तयारी ठेवा. टँक झाडांनी भरा: जावा मॉस, व्हॅलिस्नेरिया, वर तरंगणारी झाडं. एकाला दुसरा सतत दिसत राहिला तर पाठलाग थांबत नाही.

खाणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण पोट भरल्यासारखं दिसूनही पफर उपाशी राहू शकतो. दाणे आणि फ्लेक्स बहुतेक पी पफर तोंडातही घेत नाहीत. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशोब इथे चालत नाही. तो खात नाही आणि खंगतो. त्याला फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), डाफ्निया आणि आर्टेमिया (पाण्यातले बारीक जीव) आणि बारीक गोगलगायी हव्यात. एकच पदार्थ रोज देऊ नका. नुसत्या ब्लडवर्मवर ठेवलेले मासे मी पाहिले आहेत: पोट टम्म, पण अंगात जोम नाही.

गोगलगायी घरीच वाढवणं सोपं आहे. एका बरणीत टँकचंच पाणी, थोडी झाडं, उकडलेल्या पालकाचं पान किंवा काकडीची चकती आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा. चपट्या रॅम्सहॉर्न आणि पातळ कवचाच्या ब्लॅडर गोगलगायी चांगल्या. लांबुळक्या, टणक कवचाच्या ट्रम्पेट गोगलगायी टाळा. त्या फोडताना चोच दुखावू शकते. पफरचे दात आयुष्यभर वाढतात आणि कवच फोडताना झिजतात. कवच फोडायला मिळालं नाही तर मोठ्या जातीच्या पफरमध्ये दात इतके वाढतात की तोंडच उघडत नाही. पी पफरमध्ये हे कमी दिसतं, तरी आठवड्यातून दोन-तीनदा गोगलगाय द्याच.

डासांच्या अळ्याही त्याला फार आवडतात, पण त्यासाठी बाल्कनीत बादली भरून ठेवू नका. आठ-दहा दिवसांत त्याच अळ्यांचे डास होतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत पालिकेचे कर्मचारी घरोघरी हेच शोधत फिरत असतात.

काहीतरी बिनसलंय, पण काय?

पोट खपाटीला गेलं, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी दिसते, खाऊनही मासा भरत नाही: पोटात जंत असण्याची दाट शक्यता. नदीतून आलेल्या माशांमध्ये हे नेहमीचं आहे. गोल कृमींवर लेव्हामिसोल आणि पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल वापरतात. मात्रा माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. म्हणूनच दुकानात मासा निवडताना आधी पोट बघा आणि दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा.

काचेवर एकसारखा वर-खाली पोहत असेल तर आधी पाणी तपासा. पाणी ठीक असेल तर कारण बहुधा रिकामा टँक, फिल्टरचा जोरदार प्रवाह किंवा काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब. झाडं वाढवा, प्रवाह मंद करा. नव्या माशाला एक-दोन आठवडे द्या.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर हाताशी असलेलं औषध लगेच ओतू नका. दुकानातल्या अनेक औषधांत तांबं असतं आणि खवले नसलेल्या या माशाला ते झेपत नाही. बाटलीवरचे घटक वाचा, पाण्याचं तापमान रोज एखाद्या अंशाने वाढवत नेत ३० पर्यंत न्या, हवा वाढवा.

फुगलेला पफर बघायला म्हणून त्याला कधीही डिवचू नका. तो भीतीने फुगतो. पाण्याबाहेर फुगला तर हवा गिळतो आणि ती बाहेर टाकणं त्याला कठीण जातं. जाळीऐवजी पेला पाण्यात बुडवा, मासा आत आला की पाण्यासकट उचला.

आणि सांभाळणं जमेनासं झालं तर त्याला जवळच्या तलावात किंवा नदीत सोडू नका. तो तिथला नाही, आणि टँकमधले रोग त्याच्याबरोबर जातात. एखाद्या माहीतगार हौशी माणसाला द्या, आणि देताना गोगलगायींची बरणीही सोबत द्या.