मुंबईत राहून गावच्या शेतीचे अतिवृष्टी अनुदान कसे मिळवावे

मुंबईत नोकरीला असलेल्या, पण गावच्या सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आहे अशा अनेकांचे अतिवृष्टी अनुदान पंचनामा होऊनही अडकून राहते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा नाव, अंगठा किंवा बँक खाते यांपैकी एकात सापडते.

एका महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले असल्यास मदत मिळू शकते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक संयुक्त पंचनामा करतात. त्या वेळी आपल्याला गावी पोहोचता आले नाही, तरी गट क्रमांक आणि पिकाखालील क्षेत्र नीट सांगू शकणारा भाऊबंद बांधावर हजर असावा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर पिकाची नोंद, हीदेखील शेतात उभे राहूनच करावी लागत असल्याने ती हंगामातच त्याच्याकडून करून घ्यावी. पीक विमा ही वेगळी बाब आहे, त्यामुळे विमा उतरवला असला तरी पंचनाम्याकडे दुर्लक्ष करू नये.

केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळातील निकषांनुसार जिरायतीसाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये असा दर असून त्यासाठी २ हेक्टरची मर्यादा आहे. राज्य शासनाने २०२५ च्या खरिपासाठी ही मर्यादा ३ हेक्टर केली होती, म्हणून प्रत्येक वेळचा शासन निर्णय वाचावा.

सर्वांत जास्त वेळ जातो तो नावांवर. वडील वारले, पण वारस नोंद झालेली नाही, अशी घरे आपल्याकडे गावोगावी सापडतील; मृत खातेदाराच्या नावावर पैसे जमा होत नाहीत, आणि फेरफार (सातबाऱ्यावरील नावाच्या बदलाची नोंद) मंजूर होईपर्यंत वाटपाची वेळ निघून जाते. गणपतीला गावी जाल तेव्हा तलाठ्याकडे वारसाचा अर्ज देऊनच परत या. सामाईक खाते असेल, तर एकाच्या खात्यावर रक्कम जमा करण्यासाठी इतरांचे संमतीपत्र लागते, आणि बहिणी मुंबईत, पुण्यात विखुरलेल्या असल्या की त्या सह्या गोळा करण्यातच महिना जातो.

यादीत नाव आल्यावर विशिष्ट क्रमांक मिळतो, आणि फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) नसल्यास तो विशिष्ट क्रमांक व आधार कार्ड घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी, म्हणजे बोटाच्या ठशाने आधारवरील ओळख पटवणे, करावी लागते. माझ्या आईचा अंगठा भातलावणीने इतका झिजला आहे की यंत्राने तो चार वेळा नाकारला. शेवटी हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, मधले बोट टेकवले तेव्हा नोंद झाली. दहाही बोटे वापरून पाहता येतात, हे केंद्रचालक सांगेलच असे नाही.

अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते, आणि ते खाते म्हणजे आपण शेवटी ज्या बँकेत आधार संलग्न केले ते. गावच्या जिल्हा बँकेत महिनोन्‌महिने चौकशी करणाऱ्या कित्येकांची रक्कम मुंबईतल्या पगाराच्या खात्यात पडलेली असते, म्हणून आधारच्या संकेतस्थळावर संलग्न बँकेचे नाव आधी तपासावे. बँकेने ती रक्कम कर्जखात्यात वळती केल्यास तसे न करण्याची सूचना असलेला शासन निर्णय शाखेत लेखी अर्जासोबत जोडावा आणि अर्जाची पोच घ्यावी.