बादालिंग राहू द्या, जुयोंगग्वानला चला

बीजिंगला आमच्याकडे पाहुणे आले की पहिली फर्माईश चीनच्या भिंतीची. टूरवाले सरसकट सगळ्यांना भिंतीच्या बादालिंग या भागात नेतात. मी मात्र पाहुण्यांना त्याच दरीत, पण अलीकडे, जुयोंगग्वानला उतरवते. शहराच्या मध्यापासून साधारण 50 किलोमीटर. उत्तरेकडून बीजिंगच्या मैदानात उतरायच्या मोठ्या वाटांपैकी एक म्हणजे ग्वानगोउची ही अरुंद दरी, आणि तिच्या मधोमध हे ठाणं. चंगीझ खानाच्या स्वारीत त्याचा सरदार जेबे याने पळ काढल्याचं सोंग आणून इथलं सैन्य बाहेर काढलं आणि मग उलट फिरून कापलं, असं मंगोलांचा इतिहास सांगतो.

तयारी घरूनच करा. अलीपे किंवा वीचॅट या पैसे देण्याच्या चिनी ॲपला आपलं कार्ड भारतात असतानाच जोडून घ्या. तिकिटासाठी मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्सवर विसंबू नका. गूगल मॅप्सचा इथे भरवसा नाही, म्हणून ठिकाणाचं चिनी अक्षरांतलं नाव फोनमध्ये फोटो काढून ठेवायचं आणि ड्रायव्हरपुढे धरायचं. चौघं असाल तर दिवसभराची गाडी ठरवा. 1 ते 7 ऑक्टोबर आणि 1 मेच्या सुट्टीत चुकूनही जाऊ नका. एप्रिलचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध उत्तम. हिवाळ्यात खिंडीतून येणारा वारा कानटोपीलाही जुमानत नाही.

आत शिरल्यावर सगळे थेट पायऱ्यांकडे धावतात. तुम्ही थांबा. समोर दिसणारी तटबंदी बहुतेक 1990च्या दशकात पुन्हा उभारलेली आहे. खरी जुनी वस्तू खाली, खिंडीच्या तळाशी आहे: युनताय नावाचा पांढऱ्या संगमरवराचा चौथरा. मंगोल युआन घराण्याच्या शेवटच्या बादशहाच्या काळात, 1342 ते 1345 दरम्यान बांधलेला, साडेनऊ मीटर उंच. वर तीन स्तूप होते, ते केव्हाच गेले. चौथऱ्याच्या पोटातून कमानीखालचा रस्ता जातो. कमानीच्या माथ्यावर पंख पसरलेला गरुड, त्याच्या दोन्ही अंगांना नाग, खाली मकर. आमच्या आत्याने चप्पल काढून हात जोडले, तेव्हा शेजारची चिनी शाळकरी मुलं तिच्याकडेच बघत राहिली.

आत सावली असते, डोळे सरावू द्या. चार कोपऱ्यांत चार लोकपाल: धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष आणि वैश्रवण, पायाखाली असुर तुडवत उभे. त्यांच्यामधल्या भिंतींवर सहा लिप्यांत लेख कोरले आहेत. चिनी, तिबेटी, उइगुर, फाग्सपा (युआन दरबाराची लिपी), तांगुत आणि सगळ्यांत वर रंजना या नेपाळकडच्या लिपीतलं संस्कृत. उष्णीषविजया धारणी, म्हणजे बौद्ध मंत्रपाठ, आहे तो. रंजनेची शिरोरेषा लगेच ओळखू येते आणि एखाददुसरं अक्षर लागतंसुद्धा. वायव्य चीनमधल्या तांगुतांचं राज्य मंगोलांनी 1227 साली बुडवलं, तरी त्यांची लिपी शंभरावर वर्षांनी त्याच मंगोलांच्या दगडावर आहे. मग खाली बघा. फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत, चांगल्या खोल. या चौथऱ्याला निदान अर्धा तास द्या.

दरवाजाही निवांत बघा. बाहेरचं दार फोडून शत्रू आत आला तरी तो चहूबाजूंनी तट असलेल्या चौकात अडकतो आणि वरून मारा होतो. आपला गोमुखी दरवाजा वेगळ्या बांधणीचा, डाव तोच. दक्षिणेच्या चौकात युद्धदेव ग्वान यू याचं देऊळ आहे.

आता चढण. पश्चिमेची बाजू अंगावर येते. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची गुडघ्याला लागेल अशी. रायगड-राजगड केलेल्यांना दम लागणार नाही, पण गुडघे बोलतील, विशेषतः उतरताना. ज्येष्ठांनी पहिल्या-दुसऱ्या बुरुजावरून परत फिरावं, तिथूनही दरी, ठाणं आणि पलीकडच्या डोंगरावर चढत गेलेला तट पूर्ण दिसतो. पाऊस किंवा बर्फ पडून गेला असेल तर वर जाऊच नका. जोडे पकड असलेलेच हवेत. खाली महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज वरपर्यंत येतो, त्याला इलाज नाही.

खाण्याची भिस्त आतल्या दुकानांवर ठेवू नका. शाकाहारी म्हणून दिलेल्या नूडल्सच्या रश्शात मांसाचा अर्क असू शकतो. मी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून नेते, थर्मासमध्ये गरम पाणी. नळाचं पाणी पिऊ नका.

भाड्याची गाडी सोडून दिलीत तर परतताना दीदी या टॅक्सीच्या ॲपवर गाडी मिळायला वेळ लागतो, म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला उतरायला लागा. वेळ उरलाच तर गाडी थोडी पुढे, बादालिंगच्या बाजूला घ्या आणि छिंगलोंगछियाओचं जुनं स्टेशन बघा. चिनी इंजिनियर झान थ्येनयोउ याने 1909 साली पुरी केलेली रेल्वे तिथे चढ तोडण्यासाठी दिशा बदलते, गाडी पुढे येते आणि उलटी होऊन वर जाते. आमच्या घरातल्या पुरुषमंडळींना भिंतीपेक्षा हेच जास्त आवडलं.