बोर्ड हिरवा, काम अडलेलं: या चुका टाळा

टास्क बोर्ड, म्हणजे टीमची कामं कार्डांवर मांडलेला तक्ता, उघडला की कुणालाही न विचारता कळलं पाहिजे, काम नेमकं कुठे अडलंय. तरीही मॅनेजर दिवसभर चॅटवर ‘स्टेटस?’ विचारत असेल, तर बोर्डवर खरं लिहिलं जात नाहीये.

अडलेलं काम ‘इन प्रोग्रेस’मध्ये ठेवणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. एका टीममध्ये लॉगिनच्या ओटीपीचं तिकीट, म्हणजे बोर्डवरचं त्या कामाचं कार्ड, होतं. स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, एकच उत्तर यायचं, ‘नव्वद टक्के झालंय.’ कोड खरंच तयार होता. पण मेसेजचा टेम्प्लेट, म्हणजे ठरलेला मजकूर, डीएलटी पोर्टलवर (कंपन्यांच्या मेसेजची नोंदणी होते तिथे) मंजूर व्हायचा होता. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार नोंदणी नसलेल्या टेम्प्लेटचा मेसेज ऑपरेटर पुढे जाऊच देत नाही, मग कोड कितीही चांगला असो. तो अर्ज नामंजूर होऊन परत आला होता. मेल ज्याच्याकडे गेली तो रजेवर होता, आणि बोर्डवर या अर्जाचा मागमूसही नव्हता. टेस्टिंग ठरावीक ओटीपी टाकून चाललेलं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. रिलीजच्या संध्याकाळी खरे मोबाइल नंबर वापरले, तर एकही ओटीपी येईना. रिलीज पुढे ढकललं गेलं आणि बोलणी खावी लागली ती कोड लिहिणाऱ्या मुलीला. तिचं काम तर कधीच संपलं होतं! मला त्याचा आजही राग येतो.

म्हणून बाहेरच्या मंजुरीचं मी वेगळंच तिकीट काढतो. ते ‘ब्लॉक्ड’मध्ये टाकतो, कुणाची वाट पाहतोय त्याचं नाव लिहितो आणि पुन्हा कधी विचारायचं ती तारीखही. टक्के मी ऐकूनच घेत नाही. ‘काय उरलंय?’ एवढंच विचारतो. ते सांगता येत नसेल तर तिकीट छोट्या तिकिटांत फोडायला हवं.

एक संपण्याआधी दुसरं ओढणं

पीआर, म्हणजे दुसऱ्याने तपासायचा नवा कोड, रिव्ह्यूला टाकला की नवी मुलं लगेच पुढचं तिकीट उचलतात. रिकामं बसवत नाही, हे समजतं. पण संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला हिशेब साधा आहे: हातातली कामं भागिले संपण्याचा वेग, म्हणजे प्रत्येक कामाला लागणारा सरासरी वेळ. आठवड्याला 5 तिकिटं संपवणाऱ्या टीमने 20 उघडी ठेवली, तर प्रत्येकाला सरासरी 4 आठवडे लागणार. हात रिकामे असतील तर आधी दुसऱ्याचा पीआर बघा, क्यूएला, म्हणजे टेस्टिंग करणाऱ्यांना, मदत करा. मी बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचतो. संपत आलेलं आधी, नवीन शेवटी.

स्टँडअपच्या तोंडावर कार्डं सरकवणं

कोड पुश केला की तेव्हाच सरकवा. पंधरा मिनिटांचा स्टँडअप अडचणी बोलण्यासाठी आहे.

व्हॉट्सॲपवरून आलेलं ‘छोटंसं’ काम

तिकीट नाही तर काम नाही. सांगणारा कितीही वरचा असो.

टूल बदलून सुटका शोधणं

जिरा हे बोर्डचं टूल जड वाटतं म्हणून ट्रेलो, मग आणखी काही. ज्यांना कार्ड सरकवायचा कंटाळा, ते नव्या टूलमध्येही सरकवणार नाहीत. त्याआधी आहे त्याच बोर्डवर महिनाभर न हललेली तिकिटं काढा आणि प्रत्येकाचा मालक विचारा. मालक सापडला नाही ते बंद करा. खरंच हवं असेल तर कुणीतरी पुन्हा उघडेल.