डॉल्फिन पाहायला जाताना दुपट्टा सोडू नका

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मोर्शी-वरुडकडची मंडळी तारकर्लीला डॉल्फिन पाहायला जातात. घरी ४५ अंशांत डोक्याला दुपट्टा घट्ट बांधणारे आपण होडीत मात्र तो काढून ठेवतो, कारण वारा गार लागतो. फसतो तिथंच. ऊन वरूनही येतं अन् पाण्यावरून परतूनही, त्यामुळं हनुवटीखाली अन् नाकपुड्यांच्या कडेला भाजतं. संध्याकाळी तोंड धुताना कळतं! दुपट्टा असू द्याच, फक्त गाठ पक्की मारा.

सकाळची पहिली फेरी घ्या, तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो. निघताना तर्री-पोहे नकोत, पण उपाशीही राहू नका. मूठभर मुरमुरे बरे. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा-एक तास आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. होडीच्या मध्यावर बसा, टोकाला हिसके जास्त. नजर मोबाइलवर नाही, क्षितिजावर. डॉल्फिन श्वासाला वर येतोच. आधी पाठीवरचा पर दिसेल. नावाड्याला पाठलाग करायला लावू नका, इंजिन मंद ठेवायला सांगा.

मे सरताना पावसाळ्यासाठी फेऱ्या बंद होतात, तारीख विचारूनच तिकिटं काढा.