ऑफिसचा लॅपटॉप घरी नेल्यावर नेट का अडतं?

नव्या नोकरीत लॅपटॉप मिळाला की पहिल्या आठवड्यात हे होतंच: ऑफिसात सगळं चालू, घरी केबल लावली की ठप्प. बिचाऱ्या राउटरला शिव्या बसतात, पण अनेकदा दोष असतो लॅपटॉपमध्ये कायमचा टाकलेल्या आयपीचा, म्हणजे नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याचा. ऑफिसचा पत्ता १९२.१६८.१०.४५ आणि घरचा राउटर १९२.१६८.१.१ असेल, तर दोघांची गाठ पडणारच नाही.

रोज आकडे बदलत बसू नका. विंडोजमध्ये रन उघडून 'एनसीपीए डॉट सीपीएल' टाका. इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी व्हर्जन ४ वर जा आणि पत्ता व डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) दोन्ही 'ऑटोमॅटिक' करा. मग तिथेच 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' हा टॅब दिसतो. ऑफिसचा आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस त्यात भरा. घरी राउटर पत्ता देतो, तो घेतला जातो. ऑफिसात पत्ता वाटणारं कुणी नसेल तर थोडं थांबून विंडोज या टॅबमधले आकडे उचलतं. पण ऑफिसात डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ता वाटणारी सोय, चालू असेल तर हा टॅब कामाचा नाही. तेव्हा ठरावीक पत्ताच लागत असेल तर आयटीवाल्यांना सांगून तुमच्या मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर क्रमांक) आयपी राखून घ्या. यूएसबी डोंगल किंवा डॉक वापरत असाल तर साधारणपणे त्याचाच मॅक द्यावा लागतो, हे हमखास विसरलं जातं. वायफायवर 'रँडम हार्डवेअर ॲड्रेस' चालू असेल तरीही राखीव पत्ता मिळत नाही.

तरीही अडलं, तर कमांड प्रॉम्प्टवर 'आयपीकॉन्फिग' चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून काहीच आलेलं नाही: केबल बघा, राउटर बघा. पत्ता बरोबर आहे, ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग जातो, म्हणजे चाचणी संदेशाला उत्तर येतं, पण एकही साइट उघडत नाही? मग ऑफिसचा डीएनएस तसाच राहिलाय. नाव टाकूनही पिंग जातो आणि फक्त ब्राउझर रुसलाय, तर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी (ब्राउझर आणि इंटरनेटमधला मधला सर्व्हर) बघा. ऑफिसचा मॅन्युअल प्रॉक्सी घरी बंद करावा लागतो.

व्हीपीएनचं, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सुरक्षित मार्गाचं, दुखणं वेगळंच. व्हीपीएन जोडला जातो, पण ऑफिसचं शेअर फोल्डर उघडत नाही. घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे १९२.१६८.१ चीच मालिका असली की लॅपटॉप ते फोल्डर घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरचा लॅन (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.७३.१ असा काहीतरी करा, राउटर रिस्टार्ट करा. ऑफिसचं नेटवर्क बदलायला कोणी तयार होणार नाही.

डोमेनवरचा लॅपटॉप असेल, म्हणजे लॉगिन ऑफिसच्या सर्व्हरवरून तपासलं जात असेल, तर पहिलं लॉगिन ऑफिसच्या नेटवर्कवरच करून घ्या. ते झाल्याशिवाय घरी पासवर्ड बरोबर टाकूनही आत जाता येत नाही, कारण पडताळणी करणारा सर्व्हर ऑफिसात असतो आणि लॅपटॉपकडे अजून काही साठवलेलं नसतं. वर दिलेल्या आयपी-डीएनएसच्या बदलांना ॲडमिनचे हक्क लागतात. ते नसतील तर हीच लक्षणं लिहून आयटीकडे तिकीट टाका, 'नेट चालत नाही' एवढंच लिहू नका.