नाकाची अ‍ॅलर्जी आणि संप्रेरके: तीन महिन्यांची नोंदवही कशी ठेवावी

महिन्यातल्या ठरावीक दिवसांतच शिंका वाढतात, ही अनेक स्त्रियांची तक्रार योगायोग म्हणून उडवून लावण्याजोगी नाही. धुळीतील माइट या अतिसूक्ष्म किड्याविरुद्ध शरीरात तयार झालेली आयजीई प्रकारची प्रतिपिंडे नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर (अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया सुरू करणाऱ्या पेशींवर) चिकटून बसलेली असतात. माइटचा अंश पुन्हा नाकात गेला की या पेशी काही मिनिटांत शिंका आणि खाज आणणारे हिस्टामिन सोडतात आणि काही तासांनी इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जमून नाक चोंदते. मास्ट पेशींना इस्ट्रोजेन हे स्त्री संप्रेरक ओळखता येते आणि प्रयोगशाळेत ते मिळाल्यावर त्या हिस्टामिन अधिक सहज सोडतात, तर पुरुष संप्रेरके अ‍ॅलर्जीला चालना देणाऱ्या काही पेशींना आवर घालतात. लहानपणी हा विकार मुलग्यांत अधिक दिसतो आणि वयात आल्यावर मुलींकडे झुकतो, त्यामागे हेही एक कारण असावे. तरीही हा परिणाम प्रत्येकीत सारखा नसतो, म्हणून स्वतःची नोंद ठेवणेच मला सर्वांत भरवशाचे वाटते.

रोज सकाळी औषधापूर्वी आणि रात्री झोपताना शिंका, नाक वाहणे, खाज आणि चोंदणे या चारही त्रासांना 0 ते 3 गुण द्यावेत, म्हणजे एकूण जास्तीत जास्त 12 होतात. त्रास मुळीच नसेल तर 0 आणि झोप किंवा काम अडले तर 3. शेजारी पाळीचा दिवस (रक्तस्राव सुरू झाला तो पहिला), घेतलेले औषध आणि त्या दिवशी धुळीशी आलेला संबंध लिहावा. उदाहरणार्थ: ‘दिवस 13. सकाळ: शिंका 3, वाहणे 2, खाज 2, चोंदणे 1, एकूण 8. काल माळ्यावरच्या जुन्या गाद्या काढल्या.’ हे शेवटचे वाक्य लिहिले नसते, तर तो 8 आपण निःशंकपणे पाळीच्या चक्राच्या मध्यावर वाढणाऱ्या इस्ट्रोजेनच्या खात्यावर मांडला असता.

सकाळच्या गुणांची तुलना सकाळच्याच गुणांशी करावी. दाह आवरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि मास्ट पेशींनाही स्वतःचे घड्याळ असते, त्यामुळे पहाटेचा त्रास एरवीही जास्तच असतो.

तिन्ही चक्रांत त्याच सुमारास गुण चढले, तर वही कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावी. संप्रेरकांच्या गोळ्या सुरू किंवा बंद केल्याच्या तारखाही तीत असाव्यात. त्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत. गरोदरपणात खाज किंवा शिंकांशिवाय नुसतेच नाक चोंदत असेल, तर ते अ‍ॅलर्जीविना होणारे चोंदणे असू शकते आणि ते बहुधा प्रसूतीनंतर दोन आठवड्यांत ओसरते.

डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा स्प्रे हे कॉर्टिसॉलचेच कृत्रिम भावंड असून ते मास्ट आणि इओसिनोफिल पेशींना शांत करते, म्हणून तो नीट मारणे महत्त्वाचे आहे. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा आणि टोक मधल्या पडद्याकडे न वळवता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरावे. जोरात ओढून घेतल्यास औषध घशात उतरते. स्प्रेचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडेही लागू शकतात, म्हणून स्प्रे सुरू केल्याची तारीख वहीत ठळक लिहावी आणि त्याआधीचे गुण नंतरच्या गुणांत मिसळू नयेत.